काळीजपानाला डोळा नाही

सोमवारी सकाळी जळकोटच्या हायवेला गर्दी दिसली की समजायचं, एकतर अपघात झालाय नाहीतर अधांतरीबाबा आलाय. गेल्या उन्हाळ्यापासून धनाजीच्या मंगल कार्यालयात लग्नं कमी आणि दर्शनं जास्त व्हायला लागली होती. रांग पार पंक्चरच्या दुकानापर्यंत जायची. ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून कंटाळले, पण रांगेतली माणसं हलायची नाहीत. एरवी एसटीला पाच मिनिटं उशीर झाला तर कंडक्टरच्या सात पिढ्या काढणारी हीच माणसं तिथं तीन तीन तास गप उभी राहायची.

आत काय होतं ते मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगते. नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवतात त्या स्टेजवर, छताच्या हुकाला एक ओंडका टांगलेला. त्याला भगवं कापड गुंडाळलेलं. त्या कापडातून एक वेल बाहेर पडून खाली पुरुषभर लोंबत होती. पानं जाड, चकचकीत, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची. मधेमधे लिंबाएवढे फुलांचे चेंडू, आणि चेंडूतलं एकेक फूल म्हणजे मेणाची बारीक चांदणी. त्या फुलांतून तांबूस, चिकट थेंब सावकाश खालच्या चांदीच्या ताटात पडायचे. दिसायला वेल सुंदर होती, हे मी कबूल करते. तिचा काही दोष नव्हता.

दोष खाली बसलेल्या माणसाचा. हा बाबा कुठला, हे कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं की शिष्य म्हणायचे, महाराज हिमालयातून आले. हिमालयातून निघालेला माणूस नेमका हायवेवरच्या पार्किंगवाल्या मंगल कार्यालयात कसा उतरतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. सुरुवातीला त्यानं वेलीचं नाव ‘निराधार वेल’ ठेवलं होतं. पहिल्याच सोमवारी दोन म्हाताऱ्या आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन हजर झाल्या. त्यांना वाटलं, तहसीलमधला निराधारांचा पगार आता इथं मिळतोय. मग घाईघाईनं वेलीचं नाव ‘अधांतरी वेल’ झालं आणि बाबाचं अधांतरनाथ महाराज.

“माती नाही, खत नाही, बुडात पाण्याचा थेंब नाही,” बाबा डोळे मिटून सुरू करायचा. “बंद खोलीत, सिमेंटच्या छताखाली ही वेल जगते कशावर?”

“भक्तीवर,” लोक म्हणायचे.

“आणि रडते कुणासाठी?”

“आमच्यासाठी.”

“परदेशातले शास्त्रज्ञ यंत्रं लावून थकले, बेटा. त्यांना फक्त कंपनं सापडली. कारण ही साधी वेल नाही. ही वंशवेल आहे.”

हा शब्द त्यानं फार विचार करून निवडला होता. वंशवेल म्हटलं की आमच्याकडच्या सासवा कान टवकारतात. मूल नसलेल्या घरांना तो एकेक ‘काळीजपान’ द्यायचा. छोट्या कुंडीत खोचलेलं वेलीचं एकच पान. घरात उजेडाला ठेवायचं, अकरा सोमवार सुनेनं उपाशीपोटी त्याला चमचाभर पाणी घालायचं. पानाला कोंब फुटला की घरात पाळणा हलणार. पान वाळलं तर घर अशुद्ध. आणि पान हिरवं राहिलं पण कोंब नाही आला, तर घर शुद्ध, फक्त सुनेची कूस बंद. काहीही झालं तरी बाबा खोटा ठरणार नाही, अशी ती सोय होती. दोन-तीन घरांत खरंच कोंब आले होते. त्यातली श्रीमंतच्या घरची कुंडी दर सोमवारी स्टेजवर मांडली जायची. श्रीमंत म्हणजे खताचा दुकानदार. बाबाचा मुक्काम त्याच्याकडंच असायचा.

मी तारामती. एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. गावात निम्मे लोक माझे विद्यार्थी, आणि त्या रांगेतही निम्मे माझेच. हे आठवलं की माझी मलाच चीड येते. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवणारी पोरं ताटातले थेंब जिभेवर घेत होती.

शेजारी शरणबसप्पांचं घर. लिंगायत, खाऊनपिऊन सुखी, चाळीस वर्षांपासून ऊस लावणारा माणूस. बायको चन्नम्मा, मुलगा सोमेश आणि सून शिवप्रिया. शिवप्रिया कर्नाटकातल्या आळंदकडची, बी.कॉम. झालेली. घरात तिच्याशी कानडीत बोलतात, रागवायचं असलं की मराठीत. लग्नाला चार वर्षं झालेली. एका दुपारी ती पदराखाली काहीतरी झाकून माझ्या मागच्या दाराला आली.

“बाई, हे जितं हाय का मेलंय, तेवढं सांगा,” ती म्हणाली आणि कुंडी माझ्या पुढ्यात ठेवली.

बदामाच्या आकाराचं एकच पान मातीत ताठ उभं होतं. हिरवंगार.

“जितं आहे की. का गं?”

“मग कोंब का येत न्हाय? धा सोमवार झाले. येत्या सोमवारी महाराज पान बघणार. कोंब नसला तर मला माहेरी धाडायचं ठरलंय. सोमेशसाठी आळंदचीच दुसरी पोरगी बघून ठेवली.” हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग तिनं गळ्यावरचा पदर बाजूला केला. “महाराजांनी सांगितलंय, कोंब येईस्तवर सुनेनं पूजेला बसायचं न्हाय. अत्तीनं माझ्या गळ्यातलं लिंग काढून घेतलं बाई. गळा मोकळा हाय माझा.”

अत्ती म्हणजे सासू. मी तिच्या गळ्याकडं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी देव मानत नाही. पण ज्या लोकांत प्रत्येकानं आपला देव आपल्या गळ्यात बांधायचा, बाईनं आणि पुरुषानं सारख्या हक्कानं, मधे कुणाची गरज नाही, त्या लोकांनी हौसेनं मधला दलाल शोधावा? आणि त्याच्या सांगण्यावरून सुनेच्या गळ्यातलं लिंग उतरवावं? याला भक्ती म्हणत असतील तर म्हणोत. मी याला निर्लज्जपणा म्हणते.

“डॉक्टर काय म्हणाले होते सोलापूरचे?”

“माझं समदं बरोबर हाय म्हणाले. सोमेशला बी तपासून घ्या म्हणाले. पण सोलापूरचं नाव काढलं की त्यांचा ट्रॅक्टर बिघडतो.”

मी कुंडी घेतली आणि बोटानं माती उकरून पान अलगद वर काढलं. शिवप्रियानं तोंडावर हात ठेवला. पानाच्या देठाला पांढऱ्या मुळ्यांचा झुपका होता. एवढ्या मुळ्या की कुंडी पुरत नव्हती. मी भिंग आणलं आणि देठाचं टोक नीट पाहिलं. मग तिला माझ्या पूर्वेच्या खिडकीपाशी नेलं.

तिथं माझी वेल होती. तीच. नारळाच्या शेंडीत आणि झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेली, जाळीच्या पिशवीत टांगलेली, सात वर्षांची. शिवप्रिया बघतच राहिली.

“तुमच्याकडं बी आली ही?”

“पुण्याच्या नर्सरीतून आली. या वेलीचं मूळ घर म्हणजे गरम, दमट जंगल. तिथं ती दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसून वाढते. जमिनीतली माती तिला लागतच नाही. फांदीच्या खाचेतला पालापाचोळा, ओघळणारं पावसाचं पाणी आणि हवेतला ओलावा, एवढ्यावर तिचं भागतं. आपल्याकडं आंब्याच्या खोडावर आमरी, म्हणजे ऑर्किड, वाढते ना, तशी.”

“म्हंजे बांडगूळ?”

“नाही. बांडगूळ झाडात मुळं घुसवून त्याचा रस पितं. ही कुणाचं काही घेत नाही, फक्त टेकायला जागा मागते. घरात ठेवायची तर खिडकीचा उजेड दे, मुळांना हवा दे, आणि वाळली की मगच पाणी दे. झालं.”

“आन ताटात पडतं ते अमृत?”

“फुलातला मध. जंगलात तो किडे आणि मुंग्या खातात. बंद कार्यालयात मुंग्या येत नाहीत, म्हणून तो ताटात पडतो आणि भक्त चाटतात.”

ती पहिल्यांदाच हसली. मग मी तिला माझ्या वेलीच्या दांडीवरचं पेर दाखवलं. जिथून पान निघतं तिथं, देठाच्या बगलेत, मोहरीएवढा फुगवटा असतो. नवा कोंब तिथूनच येतो. पान नुसतं देठापाशी तोडून लावलं तर त्याला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण कोंब कधीच येत नाही. यायला जागाच नसते. शहरात अशी एकेक पानं प्रेमाची भेट म्हणून विकतात, आणि लोक वाट बघत बसतात.

“तू आणखी शंभर सोमवार उपाशी राहिलीस तरी हे पान पानच राहील,” मी म्हटलं.

“हे आमच्या अप्पांला सांगा.”

मी संध्याकाळीच गेले. शरणबसप्पा अंगणात बेण्याच्या, म्हणजे लावायच्या उसाच्या, ढिगापाशी कोयता घेऊन बसले होते. पुढच्या आठवड्यात त्यांची लावण होती. उसाच्या टिपऱ्या तोडायच्या, एकेक फिरवून बघायची आणि ढिगावर टाकायची, असं चाललं होतं. मी पान, पेर, फुगवटा सगळं सांगायला लागले. त्यांनी मला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही.

“बाई, तुमी देव मानत न्हाय. तुमाला पोरबाळ न्हाय. तुमाला वंशाचं काय कळणार?”

हे ते शांतपणे बोलले, आणि मला लागलं. खोटं कशाला सांगू. एवढ्यात त्यांच्या हातात एक टिपरी आली. त्यांनी ती फिरवून पाहिली, अंगठा लावला आणि ‘हूं’ करून बाजूच्या म्हशीपुढं फेकली.

मी उठून घरी आले, पण ती टिपरी डोक्यात राहिली. घरात चौघांपुढं बोलून उपयोग नव्हता. जिथं या माणसाची अक्कल गहाण पडली होती, तिथंच ती सोडवायला हवी होती. शुक्रवारी मी उमाबाईकडं, म्हणजे श्रीमंतच्या बायकोकडं, चहाला गेले आणि त्या चमत्कारी कुंडीचं मनापासून कौतुक केलं. ती साखर आणायला आत गेली तेवढ्यात मातीत बोट घालून जे पाहायचं ते पाहून घेतलं.

सोमवार आला. कार्यालय गच्च भरलं होतं. शिवप्रिया स्टेजच्या पायरीवर कुंडी मांडीवर घेऊन बसलेली, उपाशी. शेजारी तिची कपड्यांची बॅग. चन्नम्मानं ती बॅग सकाळीच भरून आणली होती, म्हणजे निकाल लागायच्या आधीच. सोमेश खांबाला टेकून मोबाईल बघत होता.

बाबानं पानाची कुंडी हातात घेतली, कपाळाला लावली आणि बराच वेळ कंपनं की काय ती मोजली.

“पान हिरवं आहे,” तो म्हणाला. “घर पवित्र. सासरा पवित्र, मुलगा पवित्र. पण कोंब नाही. वेल खोटं बोलत नाही, बेटा. कूस बंद आहे.”

शरणबसप्पांनी हात जोडले. शिवप्रिया खाली मान घालून बसली होती. मी उठले.

“महाराज, एक विचारू?”

“विचार, माते.”

“तुम्हाला नाही विचारत. अप्पांना विचारते.” मी शरणबसप्पांकडं वळले. “अप्पा, त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही एक टिपरी म्हशीपुढं फेकलीत. का फेकलीत?”

त्यांना काही उमगेना. “डोळा नव्हता तिला. कोंब फुटायची जागाच उंदरानं खाल्ली व्हती.”

“मग काय झालं? लावायची. खत घालायचं, पाणी द्यायचं, देवाचं नाव घ्यायचं.”

“काय बोलताय बाई? बिनडोळ्याचं बेणं कुठं फुटतंय व्हय?”

“आणि नाही फुटलं, तर दोष जमिनीचा?”

“जमिनीचा कसा? दोष बेण्याचा.”

“सगळ्यांनी ऐकलं ना?” मी म्हटलं. बाबाच्या हातातून कुंडी घेतली, पान उपटलं, माती झटकली आणि ते शरणबसप्पांच्या हातात दिलं. “मग हे घ्या. ह्याचा डोळा दाखवा.”

बाबा काहीतरी ओरडला, पण शरणबसप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. हातात बेणं आलं की ते नकळत फिरवून बघायचं, ही चाळीस वर्षांची सवय. त्यांनी खिशातून चष्मा काढला. देठावरून अंगठ्याचं नख फिरवलं. पान उलटं केलं, सुलटं केलं. पुन्हा नख फिरवलं.

“न्हाय,” ते हळूच म्हणाले.

मी स्टेजवरची श्रीमंतची कुंडी उचलली आणि तेही रोप उपटून त्यांच्या हातात दिलं. उमाबाई किंचाळली. त्या पानाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा दांडीचा तुकडा होता, आणि कोंब त्या तुकड्यावरून निघाला होता.

“ह्याला डोळा हाय,” शरणबसप्पा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांतली पानं पुन्हा पुन्हा पाहिली. कोयता चालवलेल्या माणसाला काप ओळखायला वेळ लागत नाही. “हे पेरासकट कापलंय. आन हे पेर सोडून कापलंय. ब्लेडनं, नीट बघून. महाराज, हे कुणी कापलं?”

“डोळा भक्तीचा असतो, बेटा,” बाबा म्हणाला. “हा वनस्पतीचा विषयच नाही, हा ऊर्जेचा—”

“कुणी कापलं म्हणलं म्या.”

बाबा मागं सरकला. तेवढ्यात रांगेतली सिताबाई, वय वर्षं सत्तर, स्टेजवर चढली आणि एका खुर्चीवर उभी राहिली. तिनं ओंडक्याचं भगवं कापड खसकन ओढलं. आत नारळाची शेंडी होती, ओलीचिंब. वर छताला लावलेल्या फ्लेक्सच्या आडून सलाईनची नळी आली होती आणि तिचा थेंब त्या शेंडीवर पडत होता. फ्लेक्सवर लिहिलं होतं, बुडात पाण्याचा थेंब नाही.

“आगं बया, देवाला सलाईन लावलंय की,” सिताबाई म्हणाली. “आजारी हाय का काय?”

पहिल्यांदा बायका हसल्या, मग सगळं कार्यालय. हसण्यापुढं कुठलंही कंपन टिकत नाही. बाबानं शिष्याकडं पाहिलं, शिष्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं. लोकांनी अडवायच्या आत दोघं मागच्या बाजूनं गाडीत बसून पसार झाले. पोलिसांत तक्रार दिली ती सिताबाईनं आणि मी. बाकीच्या भक्तांना त्या दिवशी अचानक शेताची कामं आठवली.

शरणबसप्पांनी ती दोन पानं स्टेजवर ठेवली. मग त्यांनी सुनेची बॅग स्वतः उचलली.

“चल पोरी, घरला,” ते म्हणाले.

शिवप्रिया उठली नाही.

“अप्पा, आत्ता तुमीच बोललात,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या ओळीपर्यंत गेला. “दोष जमिनीचा कसा, म्हणलात. डॉक्टरांनी जमीन तपासली. बरी हाय म्हणाले. आता बेणं बी तपासा. मग मी घरला येती.”

खांबाला टेकलेल्या सोमेशचा मोबाईल खाली आला. चन्नम्मानं पदर डोळ्याला लावला. मग कमरेच्या पिशवीतून तिनं लिंगाची चांदीची डबी काढली आणि सुनेपुढं धरली. शिवप्रियानं ती घेतली आणि आपल्या हातानं गळ्यात बांधली.

ती आठ दिवस माझ्याकडं राहिली. मी तिला एवढंच बजावलं की दोष हा शब्द आता टाकून दे. जमिनीचा नको आणि बेण्याचाही नको. शरीर आहे, कधी अडतं, डॉक्टर बघतात. नवव्या दिवशी सोमेशचा ट्रॅक्टर दुरुस्त झाला आणि तो सोलापूरला गेला. रिपोर्टमध्ये काय आलं ते त्या दोघांचं. मी सांगणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. दुसऱ्या लग्नाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही, इतकं सांगते.

जाताना तिला माझ्या वेलीची दोन डोळ्यांची एक कांडी दिली. तिनं ती नारळाच्या शेंडीत लावून आपल्या खिडकीत टांगली. पाचव्या आठवड्यात कोंब आला. चन्नम्मा धावत माझ्याकडं आली.

“बाई, कोंब फुटला. शकुन झाला. आता गोड बातमी येणार बघा.”

डोक्यावर हात मारून घ्यावा, अशीच वेळ होती. एवढं रामायण होऊन बाई पुन्हा तिथंच. मी तिच्यामागं गेले, तर ती कुंकवाचा करंडा उघडून कोंबाला बोट लावायच्या बेतात. शिवप्रियानं तिचा हात मधेच धरला.

“अत्ती, ऱ्हाऊ द्या. कोंब फुटला, कारण डोळा व्हता. माझा आन त्याचा काय संबंध न्हाय.”

चन्नम्मानं करंडा मिटला. मग वाकून, डोळे बारीक करून, तिनं पेरावरचा तो फुगवटा स्वतः पाहिला.

परवा भूमहून माझ्या भावाचा फोन आला. तिथल्या ईट गावात एक महाराज आलाय म्हणे, नाव वेगळं, वेल तीच. मी त्याला सांगितलं, आणि हे वाचणाऱ्यांनाही तेच सांगते. बाजारात दोन रुपयांची कोथिंबीर घेताना आपण जुडी उलटीसुलटी करून बघतो. बेणं घेताना नख लावून बघतो. तेवढंच करायचं. महाराज कितीही मोठा असो, त्यानं दिलेली वस्तू हातात घ्यायची, फिरवून बघायची आणि विचारायचं, याला डोळा कुठाय? राग आला तर त्याला येऊ द्या. मी बुधवारी सिताबाईला घेऊन ईटला चाललेय.